भरदुपारी मच्छरदाणीत बसणारे चाचा

हिंगोलीकडच्या गोरेगावच्या बाजारात नवा माणूस उतरला की त्याची पहिली नजर चाचांवर जायची आणि दुसरी शेजारच्या पानठेल्यावाल्याकडे, हे काय चाललंय ते विचारायला. रस्त्याच्या कडेला चार बांबू रोवलेले, त्यांना चार नाड्यांनी ताणून बांधलेली पांढरीशुभ्र मच्छरदाणी, आणि आत चटईवर मांडी घालून बसलेला एक सडपातळ म्हातारा. डोक्यावर विणलेली टोपी, चष्मा कपाळावर, हातात चहाची बशी. बाजूने शेळ्या जायच्या, जीपवाले "सेनगाव, हिंगोली" म्हणून कोकलायचे, आणि हे गृहस्थ भर उन्हात, एकही डास नसताना, मच्छरदाणीत बसून वर टक लावून बघत असायचे.

वेड नव्हतं ते. धंद्याची शिस्त होती. चाचा मच्छरदाण्या शिवायचे. शिवून झालेली प्रत्येक मच्छरदाणी ते स्वतः आत बसून तपासायचे. बाहेरून बघितलं तर जाळीचं भोक दिसत नाही, आत बसून उन्हाकडे बघितलं की चांदणीसारखं चमकतं, हे त्यांचं शास्त्र. "निजणारा आत असतो, मंग बघणाऱ्यानं बाहेर काहून थांबावं?" असं ते विचारायचे. एका मच्छरदाणीत अर्धा-पाऊण तास तरी बसायचे. हंगामात तर त्यांचा निम्मा दिवस जाळीतच जाई. चहा जाळीत, पेपर जाळीत, आणि उधार मागणारा आला तर जाळीतूनच नकार.

मी तिथल्या कॉलेजात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवायला आले तेव्हा चाचांच्या दुकानावरची खोली भाड्याने घेतली. पहिल्याच दिवशी सामान वर चढवताना त्यांनी खालून विचारलं, "बाई, मच्छरदाणी हाय का?" मी म्हटलं, आहे. ते वर आले, माझी तयार विकत घेतलेली निळी मच्छरदाणी दोन बोटांत धरून बघितली, आणि एखाद्याच्या घरी वाईट बातमी सांगायला आल्यासारखा चेहरा करून म्हणाले, "ही पोरीच्या लग्नातला पडदा हाय." दुसऱ्या दिवशी त्यांच्या हातची आली. खाली मांजरपाटाची रुंद झालर, कोपऱ्यांना दुहेरी शिवण. लावून दाखवताना त्यांनी आपलं ते वाक्य ऐकवलं, जे पुढे मी त्यांच्या तोंडून प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलेलं ऐकलं: "मच्छरदाणी वर टांगायची चीज न्हाई बाई, गादीखाली खोचायची चीज हाय. वरचं सगळं दिखावा."

डासांविषयी चाचांचं ज्ञान गिऱ्हाइकांवरून आलेलं होतं. कोणत्या महिन्यात कोण मच्छरदाणी मागायला येतं यावरून ते डासांचं येणं-जाणं ओळखत. त्यांच्या लेखी डासांच्या दोनच जाती. पहिली मेहमान. आखाडात पाऊस लागला, विहिरी-डबकी भरली, की मेहमान यायचा. हा आवाज न करता येतो, भिंतीवर बूड वर करून तिरपा बसतो, थंडीतापाची भेट देतो आणि दिवाळी उलटली की आपल्या वाटेनं जातो. तेव्हा शेतात वस्तीला राहणारे लोक दुकानात यायचे. दुसरी जात पडोसी. हा नालीत राहणारा. थंडी सरली, नाल्यांचं पाणी घट्ट काळं झालं, की होळीच्या आगेमागे पडोसी मोहल्ल्यामोहल्ल्यानं उठायचा. कानाशी रात्रभर गुणगुण. तेव्हा गावातले लोक यायचे. मधल्या कडक उन्हाळ्यात दोघंही गायब, आणि चाचा गोधड्यांना टाके घालत बसायचे.

मी त्यांना एकदा सांगितलं, तुमच्या मेहमानाला पुस्तकात अ‍ॅनाफिलीस म्हणतात आणि पडोसीला क्युलेक्स. त्यांनी दोन्ही नावं तोंडात घोळवून बघितली. म्हणाले, "मेहमान बराबर हाय. पडोसीचं नाव मात्र लई इज्जतदार ठेवलं राव तुमच्या पुस्तकानं."

आणि त्यांची जबान. चाचांची मच्छरदाणी घेतली की तिच्यासोबत एक बोल फुकट मिळायचा. जाळीची घडी घालून गिऱ्हाइकाच्या हातात देताना ते तिच्यावर तळहात ठेवत आणि म्हणत, "ह्या जाळीत निजलेल्या लेकराला मच्छराचा ताप आला तर जाळी आणून माझ्या समोर टाकायची. मी खालमानेनं उचलून घेईन." गावातले टवाळ त्यांना याच्यावरून चिडवायचे. चाचा, सर्दी झाली तर चालेल का? चाचा, बायको तापली तर? चाचा हसायचे, पण बोल बदलायचे नाहीत. आणि खरं सांगायचं तर कुणी जाळी परत आणलीच नव्हती. हे त्यांचं वैभव होतं. दुसरं फारसं काही नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा सलीम हैद्राबादला मोबाईलच्या दुकानात कामाला. चाचांचा दिवस त्या न परतलेल्या जाळ्यांवर उभा होता.

आमचं भांडण झालं ते तिसऱ्या जातीवरून.

गावात नळ आले तो सगळ्यांच्या आनंदाचा दिवस होता. पण नळाला पाणी काही रोज येत नाही. आलं की भरून ठेवायचं. घराघरांत निळे ड्रम आले, सिमेंटच्या टाक्या आल्या, गच्चीवर काळ्या टाक्या. जुन्या विहिरी कुणी वापरीना, काहींवर फरशा पडल्या. मोठ्या रस्त्याच्या नाल्या झाकल्या गेल्या. मी मुलांना अळ्या दाखवायला म्हणून घराघरांतून पाणी आणायची, आणि ड्रमच्या पाण्यात मला सापडायचा तो काळा, पायांवर पांढरे पट्टे असलेला. एडिस. डेंग्यूवाला. दिवसा चावणारा.

मी हे चाचांना सांगितलं तर ते माझ्यावर चक्क रागावले. "दिवसा चावतं ते चिलट असतं बाई. मच्छर रातीची जात हाय. दिवसा त्याला दिसत न्हाई."

"चाचा, मी डोळ्यांनी बघितलाय."

"मी चाळीस वर्सं ह्या बाजारात बसून राहिलो. भरदुपारी. मला एकदा तरी चावला का? विचारा कुणालाबी!"

मला एकदम इतकं हसू आलं की जिन्यावर बसावं लागलं. चाळीस वर्षं हा माणूस भरदुपारी मच्छरदाणीच्या आत बसलेला होता! त्याला दिवसाचा डास चावणार कसा? हे त्यांना सांगितल्यावर ते स्वतःही हसले, पण हसून झाल्यावर म्हणाले, "तरीबी चिलटच." तो वाद आमच्यात चहासारखा रोजचा झाला. मी वरून उतरताना "चाचा, दिवसाचा मच्छर भेटला का?" म्हणायची आणि ते जाळीतून "सलाम सांगितला तुमाला" म्हणायचे. आता आठवलं की त्या हसण्याचं वाईट वाटतं. आम्ही दोघं ज्या गोष्टीवर हसत होतो ती गल्लीतल्या प्रत्येक ड्रमात वाढत होती.

जवळच्या साखरा गावचा मारोती चाचांकडे आला तो श्रावणातल्या बाजाराच्या दिवशी. मेंढ्या-शेळ्या राखणारं घर, थोडी कोरडवाहू जमीन. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी बायकोला, रेणुकाला, मुलगा झालेला. मारोतीनं तोंड भरून सांगितलं, "चाचा, लेकरासाठी पाहिजे. एकदम पक्की." चाचांनी त्या दिवशी त्याला जाळी दिली नाही. पुढच्या बाजाराला ये म्हणाले. आठवडाभर ती एकच शिवत होते. आई आणि लेकरू दोघं मावतील अशी, झालर नेहमीपेक्षा वीतभर रुंद. तपासायला आत बसले ते दोन वेळा चहा झाला तरी बाहेर आले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "लई दिवसांनी झालेलं लेकरू हाय बाई, त्याला घाईची जाळी कशी द्यावी?"

मारोती आला. चाचांनी घडीवर हात ठेवला आणि आपला बोल बोलले. मारोतीनं जाळी कपाळाला लावली. हे सगळं मी जिन्यात उभी राहून बघितलं, म्हणून सांगू शकते. रेणुका त्या दिवशी सोबत नव्हती.

भाद्रपद संपता संपता साखऱ्याहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीनं वर्गात सांगितलं की मारोतीच्या मुलाला ताप आला, हिंगोलीला नेलं, तिथून नांदेडला नेलं, आणि तो गेला. डॉक्टरांनी डेंग्यू सांगितला. मुलगी सांगत होती, रात्री तर मच्छरदाणीतच झोपवायचे हो मॅडम, कधी उघडं ठेवलं नाही. दिवसा घरात आढ्याला लुगड्याची झोळी बांधलेली, बाजूला पाण्याचे ड्रम. आई रानात गेली की आजी झोळी हलवायची.

मी हे चाचांना सांगू की नको या विचारात दोन दिवस खालच्या दारानं मान खाली घालून गेले. त्यांना ते बाजारातून आधीच कळलं होतं. त्या दोन दिवसांत ते जाळीत बसलेही नाहीत. मशीनवर बसून होते, पण पायडल हलत नव्हतं.

मग एका दुपारी रेणुका आली. सोबत तिचा भाऊ होता, तो रस्त्यावरच थांबला. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढलेला, हातात धुऊन, घडी करून, पिशवीत घातलेली मच्छरदाणी. चाचा उठून उभे राहिले. तिनं पिशवी मशीनच्या फळीवर ठेवली. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण ओठ थरथरायला लागले तसा पदर तोंडाला लावून ती वळली आणि जीपकडे निघून गेली.

चाचांनी ती पिशवी उचलली. खालमानेनं. आपल्या बोलाप्रमाणे.

त्या दिवशी पहिल्यांदा चाचांची जाळी परत आली. त्यांनी ती पिशवीतून काढली, दुकानातल्या आतल्या भिंतीवरच्या खिळ्याला टांगली आणि मशीनकडे पाठ करून बसले. मी समजूत घालायला गेले. म्हटलं, चाचा, तुमच्या जाळीचा काही दोष नाही, तो दिवसा चावला असणार. ते म्हणाले, "जबान देताना मी दिवसरात म्हणलो व्हतो का बाई? मी ताप म्हणलो व्हतो. ताप आला." माणसानं स्वतःचाच शब्द पकडला की त्याच्या बाजूनं वकिली करता येत नाही.

काही दिवसांनी ते कॉलेजात आले. याआधी कधी आले नव्हते. टोपी नीट करून, प्रयोगशाळेच्या दारात उभे राहून म्हणाले, "तो तुमचा पट्टेवाला दाखवा."

मी तेव्हा मुलांसाठी दोन काचेच्या बरण्या मांडल्या होत्या. एकीत ड्रमचं स्वच्छ पाणी, दुसरीत नालीचं. दोन्हींत पट्टेवाल्याच्या आणि पडोसीच्या अळ्या सारख्याच सोडलेल्या, वरून जाळी बांधलेली. एका पाण्यात दोन जाती सोडल्या तर कोण टिकतं हे मुलांना दाखवायचं होतं. चाचा रोज दुपारी यायला लागले. स्टुलावर बसून, चष्मा पुसून बघत बसायचे. ड्रमच्या पाण्यात खायला थोडंच होतं; तिथं पट्टेवाल्याच्या अळ्या झपाट्यानं वाढल्या, त्यांचे कोष झाले, डास होऊन जाळीला चिकटले, आणि पडोसीच्या अळ्या मात्र काडीसारख्या बारीक राहून तळाशी मरून पडल्या. नालीच्या पाण्यात नेमकं उलटं. तिथं पडोसीचं राज्य आणि पट्टेवाला दोन-चारही निघाला नाही.

चाचांनी या बरणीकडून त्या बरणीकडे बघितलं. म्हणाले, "म्हंजे ज्याचं पाणी त्याचा मच्छर."

"हो चाचा."

"आन पाणी आपणच बदललं. नाल्या झाकल्या, ड्रम भरले. आमी म्हणून राहिलो गाव सुधारलं." मग म्हणाले, "माझी जाळी जुन्या पाण्याची राहिली बाई."

एवढ्यावर ते थांबले असते तर बरं झालं असतं. पण त्यांना खात्री करून घ्यायची होती. डास निघून चार दिवस झाले होते. दुपारचं ऊन खिडकीतून टेबलावर पडलेलं. चाचांनी सदऱ्याची बाही कोपरापर्यंत वर केली आणि मी "चाचा, काय करता!" म्हणेपर्यंत बरणीची जाळी एका कडेनं सैल करून हात आत घातला. हे डास बरणीतच जन्मलेले, कुणा आजाऱ्याला चावलेले नाहीत, हे मला माहीत होतं, म्हणून मी ओरडले पण हात ओढला नाही. एक पट्टेवाला उडाला, मनगटाजवळ बसला. मग दुसरा. चाचा हललेसुद्धा नाहीत. आपल्या मनगटाकडे असे बघत होते की मला दुसरीकडे बघावंसं वाटलं.

"चावला," ते म्हणाले. "भरदुपारी चावला." हात बाहेर काढून, उठलेल्या गांधीवर बोट फिरवत म्हणाले, "एक मेहमान, एक पडोसी. आन हा तर घरचाच निघाला बाई. घरच्याला कोण दार लावतं?"

त्यानंतर चाचांनी एक नवीन चीज शिवायला घेतली, झोळीची जाळी. आपल्याकडे लेकरू दिवसभर लुगड्याच्या झोळीत असतं. त्या झोळीला खालून-वरून वेढणारी, वर दोरीला नाडीनं बांधायची, बाजूनं हात घालायला दुहेरी पदर असलेली. असली जाळी कुठल्या बाजारात मिळत नव्हती, त्यांनीच काढलेली. पहिल्या दोन-तीन बिघडल्या. एकीत झोळी हलेचना. पण नंतर जमली, आणि बाळंतिणीच्या घरी रात्रीची जाळी नेणाऱ्याला ते दिवसाचीही देऊ लागले. सोबत सांगायचे, "ड्रम नुसता रिता करू नका, आतून घासा. त्याची अंडी काठाला चिकटून राहतात." हे त्यांनी माझ्याकडून घेतलं होतं, पण माझ्यापेक्षा त्यांचं लोक ऐकत.

फक्त एक गोष्ट बंद झाली. घडीवर हात ठेवणं. जुनी गिऱ्हाइकं मुद्दाम विचारायची, चाचा, जबान? ते म्हणायचे, "जाळी पक्की हाय. बाकी अल्लाच्या हाती." आणि पैशाची पेटी उघडायचे. बाहेर रस्त्यावर मांडी घालून बसणंही त्यांनी सोडलं. बांबू तसेच उभे राहिले. जाळी आता ते आत दुकानातच बल्बच्या उजेडात घाईघाईनं तपासत, कुणाच्या नजरेस न पडता. जीपवाले महिनाभर विचारत होते, चाचा आजारी आहेत का? एखाद्या देवळाचा कळस काढून ठेवावा तसा तो रस्ता मला दिसायचा. मी चिडवणं सोडलं होतं. कुणी चिडवलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

खिळ्याला टांगलेली जाळी कधीमधी एखादा गिऱ्हाईक मागायचा. ती चांगली दिसते, ती द्या. "ती विकायची न्हाई," चाचा म्हणायचे. सुटीला आलेल्या सलीमनं एकदा विचारलं, मग ठेवली कशाला? चाचांनी सुईत दोरा ओवायला घेतला.

एकदा सकाळीच ते इस्त्रीचा सदरा घालून, काखेत पुडकं घेऊन जीपमध्ये बसताना दिसले. पुडक्यात झोळीची जाळी होती. साखऱ्याला निघाले होते. रेणुकाला पुन्हा दिवस गेल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. पुढे कळलं की तेव्हा ते काही टिकलं नाही. पण त्या दिवशी ते दुपारच्या आत परत आले, पुडकं तसंच.

"भेटली?" मी विचारलं.

"फाट्यावर उतरलो. चहा पेलो. परत आलो."

"का?"

"काय तोंड घेऊन जाऊ बाई? तिनं जाळी टाकली समोर. परत दुसरी घेऊन जायची, आता ही घे म्हणून?"

मी म्हटलं, मी जाते, मी देते. त्यावर त्यांनी इतक्या जोरात मान हलवली की टोपी सरकली. "तुमी जाऊ नका. जबान माझी व्हती. ती आली तर मंग बघू." पुडकं मात्र त्यांनी माझ्याकडे ठेवायला दिलं. म्हणाले, दुकानात राहिलं तर सारखं डोळ्यासमोर येतं.

ती आली नाही. चाचा वाट बघत होते असं मी म्हणणार नाही, ते तसं कधी बोलले नाहीत. पण बाजारच्या दिवशी साखऱ्याची जीप लागली की त्यांचं मशीन थांबायचं आणि जीप रिकामी झाली की पुन्हा सुरू व्हायचं. मी वर खोलीत वह्या तपासत बसलेली असायची, आणि ते थांबणं मला ऐकू यायचं.

ते गेले त्यानंतर काही वर्षांनी, थंडीत. फार आजारी पडले नाहीत. छातीत दुखतंय म्हणाले, सलीम हैद्राबादहून निघाला, पोचायच्या आत गेले. त्यांच्या मातीला गावातली सगळी माणसं होती. कोणत्या घरात त्यांची जाळी नव्हती? सलीमनं पुढे दुकान घेतलं, मोबाईलचे कव्हर, चार्जर, रिचार्ज. एका कोपऱ्यात छत्रीसारख्या उघडणाऱ्या तयार मच्छरदाण्याही विकतो. चांगला पोरगा आहे. दुकान रिकामं करताना भिंतीवरची जाळी हातात घेऊन वर आला आणि म्हणाला, "बाई, हे अब्बाचं काय करू? फेकवत न्हाई." मी ती घेतली आणि कपाटात पुडक्याशेजारी ठेवली.

गेल्या पावसाळ्यात एका बाजारच्या दिवशी सलीमनं खालून हाक मारली. "बाई, साखऱ्याहून आल्यात. अब्बाच्या हातची जाळी पाहिजे म्हणतात. मी म्हणलं, अब्बा न्हाई राहिले, पण वर बाईला विचारून बघा. पाठवू का?"

जिन्यातून रेणुका वर आली. कडेवर डोळ्यांत भरपूर काजळ घातलेली लहान मुलगी. मी ओळखलं तिला. तिनं मला ओळखलं नाही. बसली, पाणी प्यायली, आणि म्हणाली, "चाचा गेले ते आताच कळलं बाई. लई वाईट झालं. हिच्यासाठी त्यांच्याच हातची पाहिजे व्हती. ती छत्रीवाली खाली खोचता येत न्हाई."

मी विचारावं की नाही? शेवटी विचारलंच. म्हटलं, तुम्ही त्या वेळी जाळी परत केली होती ना?

"परत?" ती म्हणाली. "परत न्हाई केली. सासूबाई म्हणल्या, लेकराची वस्तू घरात नको, नदीत सोड. माझं मन झालं न्हाई. इतकी चांगली जाळी. म्हणलं चाचाला द्यावी, ते देतील एखाद्या गरिबाच्या लेकराला. तेच सांगाया आलते, पण तोंडातून शब्द न्हाई फुटला." मग मुलीच्या कपाळावरचे केस मागे सारत तिनं विचारलं, "कुणाला दिली त्यांनी? कुणाचं लेकरू निजलं तिच्यात?"

चाचांची जबान तिला माहीतच नव्हती. ती मारोतीनं ऐकली होती, तिनं नाही. मी तिला सगळं सांगितलं. खिळ्याचं, साखऱ्याच्या फाट्यावरच्या चहाचं, मशीन थांबायचं त्याचं. ती ऐकत होती आणि मधेच म्हणत होती, "आसं काहून केलं त्यांनी? आसं काहून?"

मग मी कपाट उघडलं. दोन्ही जाळ्या बाहेर काढल्या. झोळीची कशी बांधायची ते दाखवलं. तिनं ती नीट बघून घेतली आणि बाजूला ठेवली. मोठी जाळी मात्र उलगडून म्हणाली, "ही बांधू या का जरा?" आम्ही खिडकीच्या गजांना आणि कपाटाच्या कडीला नाड्या बांधल्या. दुपारची वेळ होती. ती मुलीला घेऊन आत गेली, मांडी घालून बसली आणि मान वर करून उजेडाकडे बघायला लागली.

"चाचा आसंच बसायचे म्हणं," ती आतून म्हणाली.

सगळी जाळी तिनं डोळ्यांनी पालथी घातली. एकच भोक सापडलं, वरच्या बाजूला, जिथं ती इतकी वर्षं खिळ्यावर टांगलेली होती. तिनं माझ्याकडून सुई-दोरा मागून घेतला आणि आत बसल्या बसल्या ते शिवून टाकलं. दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, "राती एकबी डास कधी आत आला न्हाई बाई. माझं लेकरू ह्याच्यात लई सुखानं निजायचं. चाचाची जबान खोटी कशी व्हईल?"

खाली दुकानात सलीम कुणाला तरी रिचार्जचे दर सांगत होता. साखऱ्याची जीप हॉर्न वाजवायला लागली तशी तिनं घाईनं दोन्ही जाळ्यांची घडी केली, मुलीला कडेवर घेतलं आणि जिना उतरून गेली. मी खिडकीत उभी राहून जीप जाईपर्यंत बघत होते. हे एवढंसं वाक्य ऐकायला चाचा खाली असायला हवे होते, दुसरं काही नाही.